बोर्ड शांत, कॅबिनेटमध्ये हमिंग: घरी बांधलेल्या हेडफोन ॲम्प्लिफायरची वारंवार येणारी तक्रार

घरी बांधलेला हेडफोन ॲम्प्लिफायर टेबलावर उघडा असताना स्वच्छ वाजतो आणि गाणे थांबले की हेडफोनमध्ये शांतता असते. तोच बोर्ड पत्र्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या कॅबिनेटमध्ये बसवून स्क्रू आवळले की मात्र हमिंग, म्हणजे सलग घुमणारा आवाज, सुरू होते. अशा वेळी बहुतेक जण आधी ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणारी चिप) बदलतात, मग फिल्टरचे कॅपॅसिटर मोठे करतात आणि शेवटी पॉवर सप्लायला दोष देतात. पैसे खर्च होतात, तक्रार मात्र राहते, कारण बोर्डमध्ये बहुधा काही बिघडलेलेच नसते. धातूचे कॅबिनेट बसवताच सर्किटमध्ये एका नव्या वाहकाची भर पडते. तो वाहक सर्किटला कोणत्या एका जागी जोडायचा हे बांधणाऱ्याने ठरवले नसेल, तर जॅकची आट्यांची नळी, पॉटचा (आवाजाच्या घुंडीमागच्या बदलत्या रेझिस्टरचा) दांडा, डीसी सॉकेटचे धातूचे अंग आणि बोर्डाखालचे स्क्रू परस्पर ते ठरवून टाकतात. पुढील सर्व तपासण्या याच एका गोष्टीभोवती फिरतात.

येथे तीन प्रकारचे ॲम्प्लिफायर डोळ्यांसमोर ठेवले आहेत. पहिला सीमॉय, म्हणजे चू मॉय यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडलेला आणि अल्टॉइड्स गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवण्यामुळे जगभर ओळखला जाणारा आराखडा. यात एकाच ९ व्होल्टच्या बॅटरीचे दोन भाग करून कृत्रिम ग्राउंड, म्हणजे सर्किटचा शून्य व्होल्टचा संदर्भबिंदू, तयार केलेले असते. दुसरा २०११ मध्ये आलेला ओ२, ज्यात दोन बॅटऱ्या आणि एसी ॲडॉप्टर यांच्या आधारे खरे दुहेरी व्होल्टेज (ग्राउंडच्या वर धन, खाली ऋण) मिळते. तिसरा प्रकार म्हणजे कॅबिनेटच्या आतच २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असलेले मोठे ॲम्प्लिफायर. तिघांचे हमिंग कानाला सारखे वाटले तरी त्यांची कारणे वेगळी असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला घातक ठरू शकतो.

आधी आवाज ओळखणे

मीटर हाती घेण्यापूर्वी हेडफोन कानाला लावून आवाजाची जात ठरवावी. फोनवरच्या कोणत्याही टोन जनरेटर ॲपवर ५० हर्ट्झ आणि १०० हर्ट्झ हे सूर आळीपाळीने वाजवून त्यांच्याशी तुलना केली तर हे काम सोपे होते. हार्मोनियमची सवय असलेल्यांना दोन्ही सूर पांढरी पाचच्या जरा वर, एक सप्तक खाली-वर ऐकू येतील. पट्टी एकच असल्यामुळे नुसत्या अंदाजाने फसगत होते, म्हणून तुलना करणेच बरे. गुळगुळीत ५० हर्ट्झ असेल तर ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र, सुटलेले ग्राउंड किंवा उपकरणांमधला ग्राउंड लूप (ग्राउंडच्या दोन वाटांनी बनलेला बंद वेढा) यांच्याकडे संशय वळतो. कडा असलेली १०० हर्ट्झची घरघर असेल तर फुल-वेव्ह रेक्टिफायरचे (एसीच्या दोन्ही अर्ध्या लाटांपासून डीसी करणाऱ्या भागाचे) चार्जिंगचे झटके सिग्नलच्या ग्राउंडमधून जात असावेत. ओ२ मध्ये मात्र रेक्टिफायर हाफ-वेव्ह (एकच अर्धी लाट घेणारा) आहे, त्यामुळे तिथे सप्लायचा रिपलही (डीसीवर उरलेली लहरही) ५० हर्ट्झचाच असतो आणि वरचा नियम लागू पडत नाही. शुद्ध ५० हर्ट्झ ऐकू येण्यासाठी कानाला सुमारे ४४ डेसिबलची पातळी लागते. त्यामुळे तक्रार येते ती बहुतेकदा मूळ सुराची नसून त्याच्या वरच्या हार्मोनिक्सची (त्याच्या पटीतल्या सुरांची) असते, हेही लक्षात ठेवावे.

यानंतर एक छोटे साधन तयार करावे. ३.५ मिमीचा एक सुटा प्लग घेऊन त्याची तिन्ही टोके एकत्र सोल्डर करावीत. हा शॉर्टिंग प्लग इनपुट जॅकमध्ये घातला की ॲम्प्लिफायरचा इनपुट पूर्ण शांत होतो आणि बाहेरच्या उपकरणाशी असलेला संबंधही तुटतो. प्लग घातल्यावर हमिंग थांबले तर दोष कॅबिनेटच्या बाहेर, म्हणजे स्रोत आणि सप्लाय यांच्या जोडणीत आहे. प्लग घालूनही ते राहिले तर दोष आत आहे. कामाचे एवढे विभाजन करणारी आणि इतकी स्वस्त दुसरी चाचणी नाही, आणि तरीही ती न करता थेट सोल्डरिंग आयर्न तापवणारेच जास्त दिसतात.

शॉर्टिंग प्लग आत असतानाच आवाजाची घुंडी सावकाश फिरवावी. हमिंग घुंडीच्या स्थितीनुसार अजिबात बदलत नसेल तर ते पॉटच्या पुढे, म्हणजे सप्लायमधून किंवा आउटपुटच्या ग्राउंडमधून येत आहे. ते दोन्ही टोकांना कमी आणि मध्ये कुठेतरी सर्वाधिक होत असेल तर पॉटच्या मधल्या टोकाची तार बाहेरचे विद्युत क्षेत्र उचलत आहे. याचे कारण साधे आहे: १० किलोओहमच्या पॉटमध्ये मधल्या टोकाकडून दिसणारा रोध दोन्ही टोकांना जवळजवळ शून्य असतो आणि विद्युतदृष्ट्या मध्यावर २.५ किलोओहम होतो. ५० किलोओहमच्या पॉटमध्ये तोच १२.५ किलोओहमपर्यंत जातो आणि उचल त्या प्रमाणात वाढते. लॉग पॉटमध्ये (ज्यात रोध सुरुवातीला सावकाश वाढतो) हा मध्यबिंदू घुंडीच्या मध्यावर नसून बराच पुढे असतो, त्यामुळे घुंडी तीन-चतुर्थांश फिरल्यावर हमिंग वाढले तर गोंधळून जाऊ नये.

सीमॉय आणि कृत्रिम ग्राउंड: सर्वाधिक घोळ येथेच

सीमॉयमध्ये बॅटरीच्या दोन टोकांमध्ये ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि २२० मायक्रोफॅरडचे दोन कॅपॅसिटर असतात आणि त्यांच्या मधला बिंदू ग्राउंड म्हणून वापरला जातो. इनपुट जॅकची बाहेरची नळी आणि हेडफोन जॅकची बाहेरची नळी या दोन्ही या कृत्रिम ग्राउंडला जोडलेल्या असतात. बॅटरीचे ऋण टोक हे या सर्किटमध्ये ग्राउंड नव्हे. ते ग्राउंडपेक्षा ४.५ व्होल्ट खाली असते. बोर्ड टेबलावर असेपर्यंत हा फरक कोणी मोडत नाही.

कॅबिनेटमध्ये मात्र हेडफोन जॅकची धातूची नळी पत्र्यातून बाहेर येते आणि नट आवळला की संपूर्ण डबी कृत्रिम ग्राउंडवर जाते. एवढ्याने काही बिघडत नाही, उलट शील्डिंग (बाहेरच्या विद्युत क्षेत्रापासून आडोसा) मिळते. पण त्याच डबीला ॲडॉप्टरसाठी धातूच्या अंगाचे डीसी सॉकेट बसवलेले असेल, तर अशा सॉकेटचे अंग बहुधा बाहेरच्या संपर्काला, म्हणजे ॲडॉप्टरच्या ऋण टोकाला जोडलेले असते. नट आवळताच डबीमार्फत ऋण टोक आणि कृत्रिम ग्राउंड एक होतात. खालचा रेझिस्टर व कॅपॅसिटर शॉर्ट होतो, ऑप-ॲम्पला दुहेरी सप्लायऐवजी एकेरी सप्लाय मिळतो आणि इनपुट थेट त्याच्या खालच्या रेलवर (सप्लायच्या खालच्या टोकावर) येऊन बसतो. आवाज फाटतो, लाटेचा एक अर्धा भाग कापला जातो, हेडफोनमध्ये कायमचे डीसी व्होल्टेज जाते आणि ॲडॉप्टरचा रिपल आता सिग्नलच्याच ग्राउंडच्या हिशोबाने मोजला जाऊ लागतो. रेझिस्टरच्या जागी टीएलई २४२६ (व्होल्टेजचे दोन समान भाग करणारी चिप) असेल तर ते या शॉर्टशी झगडत तापते.

तपासणी अशी करावी. बॅटरी काढावी, ॲडॉप्टर काढावा, कॅपॅसिटर रिकामे होण्यासाठी थोडा वेळ द्यावा आणि मीटर ओहमवर ठेवून एक टोक कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावावे. दुसऱ्या टोकाने इनपुट जॅकची नळी, हेडफोन जॅकची नळी, बोर्डावरचे ग्राउंड, बॅटरीचे ऋण टोक आणि बॅटरीचे धन टोक हे सर्व एकामागून एक तपासावे. ग्राउंडशी अर्ध्या ओहमपेक्षा कमी रोध आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांशी काही किलोओहम, तोही सावकाश वर चढत स्थिरावणारा, असे दिसले तर जोडणी बरोबर आहे. ऋण टोकाशी शून्य दिसले तर दोष सापडला. मग बॅटरी लावून ग्राउंडपासून दोन्ही टोकांचे व्होल्टेज मोजावे: दोन्हीकडे सुमारे ४.५ व्होल्ट हवे. एका बाजूला ९ आणि दुसऱ्या बाजूला शून्य असेल तर हेडफोन लगेच काढावा. या मोजणीसाठी सवयीने महागडा हेडफोन जोडून ठेवू नये, जुना कामचलाऊ इअरफोन पुरेसा आहे.

उपाय म्हणजे प्लॅस्टिकच्या अंगाचे डीसी सॉकेट. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत दोन्ही प्रकार मिळतात, मात्र विकत घेतानाच मीटर लावून अंग आणि संपर्क यांच्यात जोड नाही ना ते पाहून घ्यावे, कारण काही सॉकेटची बाहेरची कडी प्लॅस्टिकची दिसते आणि आतली नळी धातूचीच असते. फायबरचे वॉशर घालून धातूचे सॉकेट अलग करता येते, पण छिद्र वॉशरच्या खांद्याइतके मोठे आणि अगदी गोल हवे. पत्र्याच्या डबीत हाताने पाडलेल्या छिद्रात ते सरकते आणि काही आठवड्यांनी तक्रार परत येते. वारंवार परत येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच या सरकलेल्या वॉशरच्या असतात. बोर्डाखाली सोल्डरची टोके पत्र्याला टेकणे हेही याच जातीचे कारण आहे. डबीच्या आतल्या बाजूचा लाखेचा थर इन्सुलेशन म्हणून पुरेसा आहे असे समजू नये. एक टोकदार पाय तो सहज भेदतो. बोर्डाखाली जाड कार्डशीट किंवा प्लॅस्टिकचा तुकडा ठेवावा आणि ९ व्होल्टच्या बॅटरीचे क्लिपही झाकणाला लागणार नाही असे बांधावे.

कॅबिनेट नीट असूनही हाच शॉर्ट बाहेरून होऊ शकतो. कृत्रिम ग्राउंडचा ॲम्प्लिफायर ज्या सप्लायवर चालतो त्याच सप्लायवर गाण्याचा स्रोतही चालत असेल, उदाहरणार्थ लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टमधून व्होल्टेज वाढवून ॲम्प्लिफायर चालवला आणि गाणेही त्याच लॅपटॉपमधून घेतले, तर लॅपटॉपचे ग्राउंड ऑडिओ केबलमार्फत कृत्रिम ग्राउंडला आणि यूएसबीमार्फत ऋण टोकाला अशा दोन्हीकडे जाऊन पोहोचते. एकाच पॉवर बँकवर फोन चार्ज करत त्याच फोनवरून ऐकणे हीही तीच स्थिती. यावर वॉशर, फेराइटचा मणी किंवा मोठा कॅपॅसिटर यांपैकी कशाचाही उपयोग नाही. सप्लाय वेगळा ठेवणे किंवा आयसोलेटेड (इनपुट आणि आउटपुटचे ग्राउंड अलग असलेले) डीसी-डीसी मॉड्यूल वापरणे हेच मार्ग आहेत.

रंग आणि ॲनोडायझिंग

वरील दोष नको तिथे जोड होण्याचा होता. याच्या उलटा दोष, म्हणजे हवी तिथे जोड न होणे, तितकाच सामान्य आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ॲल्युमिनियमच्या कॅबिनेटवरचा ॲनोडायझिंगचा थर विजेचा वाहक नाही. बाहेरून एकसंध दिसणारे कॅबिनेट प्रत्यक्षात पुढची पट्टी, मागची पट्टी आणि मधला भाग असे एकमेकांपासून अलग तुकडे असू शकतात. पावडर कोटिंग केलेल्या पत्र्याचेही तेच. मग पॉटच्या नटामुळे पुढची पट्टी ग्राउंडवर असते, उरलेले कॅबिनेट मात्र हवेत लटकलेले असते आणि शील्डऐवजी अँटेनाचे काम करते. स्क्रू कमी-जास्त आवळल्यावर हमिंग बदलते, असे कोणी सांगितले की बहुधा हेच असते.

मीटरने प्रत्येक पट्टी दुसरीशी जोडलेली आहे का ते पाहावे. मीटरचे टोक थराला नुसते टेकवून चालत नाही, आतल्या बाजूला एक लहान खूण खरवडून मोजावे. जिथे स्क्रूचे डोके किंवा पट्टीची कड टेकते तिथला थर सँडपेपरने काढून दातेरी वॉशर घालावा. दिसणारी बाजू खराब करण्याची गरज नसते. प्लॅस्टिकचे कॅबिनेट वापरणाऱ्यांनी आतून तांब्याची चिकटपट्टी लावली असेल तर दोन पट्ट्यांच्या सांध्यावर सोल्डरचा ठिपका द्यावा, कारण अनेक पट्ट्यांचा गोंद वाहक नसतो.

पॉटचा दांडा हा याच विषयाचा एक भाग आहे. घुंडी काढून उघड्या दांड्याला बोट लावल्यावर आवाज बदलत असेल, मग तो वाढो किंवा कमी होवो, तर पॉटचे अंग कोठेही जोडलेले नाही. धातूच्या भागाला ग्राउंड असेल तर स्पर्शाने काहीच फरक पडत नाही. पॉटच्या मागच्या टोपीला एक बारीक तार सोल्डर करून ती ग्राउंडला न्यावी. टोपीचा रंग आधी खरवडावा आणि सोल्डरिंग आयर्न फार वेळ टेकवू नये, नाहीतर आतला कार्बनचा मार्ग भाजतो. दांडा आधीच कॅबिनेटमार्फत ग्राउंडवर आला असेल तर ही दुसरी तार लावू नये, कारण त्यातून आतल्या आत एक लूप तयार होतो. ही तपासणी केवळ बॅटरीवर किंवा कमी व्होल्टेजच्या ॲडॉप्टरवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरवरच बोटाने करावी.

आतल्या तारा

टेबलावर तारा मोकळ्या पसरलेल्या असतात. कॅबिनेटमध्ये त्या दाबून बसवल्या जातात. इनपुटच्या तारा आउटपुटच्या किंवा सप्लायच्या तारांना चिकटून धावत असतील तर त्या दूर कराव्यात, आणि ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडाव्यात. इनपुट जॅकपासून पॉटपर्यंत आणि पॉटपासून बोर्डापर्यंत शील्डेड वायर वापरावी. शील्डचे काय करायचे यावर वाद होतात, पण नियम एकच आहे: ग्राउंडला प्रत्येक भागाकडून बोर्डाकडे जाण्याचा एकच मार्ग असावा. शील्डच जर जॅकचे ग्राउंड वाहून नेत असेल तर ती दोन्ही टोकांना जोडणे भागच आहे, मात्र मग जॅक कॅबिनेटपासून अलग हवा. जॅकचे ग्राउंड दुसऱ्या तारेने येत असेल तर शील्ड फक्त बोर्डाकडे जोडावी.

आरसीए सॉकेट (डाव्या-उजव्या बाजूसाठी वेगळी असलेली गोल ऑडिओ सॉकेट) वापरणाऱ्यांना येथे दुहेरी अडचण येते. डाव्या आणि उजव्या सॉकेटचे अंग कॅबिनेटला टेकते, शिवाय दोघांची ग्राउंडची स्वतंत्र तार बोर्डाकडे जाते, आणि बोर्ड स्वतः एखाद्या धातूच्या स्पेसरमार्फत पुन्हा कॅबिनेटला जोडलेला असतो. म्हणजे एकाच ग्राउंडचे तीन लूप. सोबत मिळणारे प्लॅस्टिकचे खांद्याचे वॉशर वापरून दोन्ही सॉकेट अलग करावीत, बोर्डाच्या स्पेसरपैकी इनपुटच्या सॉकेटजवळचा एक वगळता बाकीचे नायलॉनचे असावेत, आणि ग्राउंड व कॅबिनेट यांचा जोड त्या एकाच जागी द्यावा. त्या जागेमुळे बाहेरून येणारा रेडिओचा त्रासही दाराशीच कॅबिनेटकडे वळतो.

हेडफोनचा परतीचा प्रवाह इनपुटच्या प्रवाहापेक्षा कितीतरी मोठा असतो. ३२ ओहमच्या हेडफोनला १ व्होल्ट दिला तर ३१ मिलिअँपिअर परत येतात, आणि ते इनपुट ग्राउंडच्याच बारीक तारेतून आले तर त्या तारेवर पडणारे व्होल्टेज इनपुटमध्ये मिसळते. हेडफोन जॅकचे ग्राउंड पॉटच्या पायावर सोल्डर करण्याचा मोह जागेअभावी होतो. ते थेट बोर्डावरच्या फिल्टर कॅपॅसिटरच्या ग्राउंडजवळ न्यावे.

आत ट्रान्सफॉर्मर असल्यास

शॉर्टिंग प्लग घालूनही गुळगुळीत ५० हर्ट्झ राहत असेल आणि ग्राउंडच्या सर्व जोडण्या बरोबर असतील, तर चुंबकीय क्षेत्राकडे वळावे. ॲल्युमिनियमचा पत्रा येथे जवळजवळ निरुपयोगी आहे: ५० हर्ट्झला ॲल्युमिनियममध्ये स्किन डेप्थ (क्षेत्र धातूत जिथवर शिरते ती खोली) सुमारे १२ मिमी असते, त्यामुळे २ मिमीचा पत्रा हे क्षेत्र अडवत नाही. लोखंडी पत्र्याचा आडोसा बराच जास्त उपयोगी पडतो, आणि अंतर त्याहूनही जास्त, कारण ट्रान्सफॉर्मरपासून दूर जाताना हे क्षेत्र साधारण अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. टोरॉइड (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर सैल ठेवून तो जागेवरच थोडा थोडा फिरवावा आणि दर वेळी हमिंग ऐकावे. एका कोनात ते सर्वात कमी होते आणि तिथे तो आवळावा. प्रत्येक वेळी फिरवण्यापूर्वी प्लग भिंतीच्या सॉकेटमधून काढावा, केवळ स्विचवर विसंबू नये.

टोरॉइडच्या मधला बोल्ट फक्त तळाला जोडलेला असावा. झाकण लावल्यावर त्याचे वरचे टोक धातूच्या झाकणाला टेकले तर बोल्ट, झाकण, बाजू आणि तळ मिळून ट्रान्सफॉर्मरभोवती एक शॉर्ट झालेला वेढा तयार होतो. झाकण उघडे असताना ठीक आणि लावल्यावर ट्रान्सफॉर्मर गुरगुरून तापतो, अशी तक्रार असेल तर आधी हे पाहावे आणि तोपर्यंत वीज बंद ठेवावी.

१०० हर्ट्झची घरघर असेल तर रेक्टिफायरपासून मोठ्या कॅपॅसिटरकडे जाणाऱ्या तारा पाहाव्यात. ट्रान्सफॉर्मरचा मध्य, दोन्ही कॅपॅसिटरांचा मध्य आणि सिग्नलचे ग्राउंड या क्रमाने जोड हवा. सिग्नलचे ग्राउंड रेक्टिफायर आणि कॅपॅसिटर यांच्या मधल्या तारेवर घेतले तर चार्जिंगचा प्रत्येक झटका त्यात उतरतो, मग कॅपॅसिटर कितीही मोठा घाला.

अर्थिंग, आणि काय करू नये

२३० व्होल्ट आत येणाऱ्या धातूच्या कॅबिनेटला अर्थची हिरवी तार जाड, खरवडलेल्या जागी, दातेरी वॉशरसह आणि फक्त त्याच कामासाठी असलेल्या बोल्टने जोडलेली हवी. हमिंग घालवण्यासाठी ही तार काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि त्याने हमिंग अनेकदा जातेही. हा सल्ला मानू नये. ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन एकदा फुटले की कॅबिनेट, जॅक आणि कानावरचा हेडफोन हे सर्व मेन्सवर, म्हणजे २३० व्होल्टवर, येतात. जुन्या इमारतींमध्ये तिसऱ्या भोकाला अर्थिंगच नसते, म्हणून सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल जोडून टाकणारेही भेटतात. न्यूट्रल तुटला की त्या घरातील प्रत्येक धातूचे उपकरण जिवंत होते. अर्थिंग नसेल तर वायरमनकडून ते करून घ्यावे, तोपर्यंत ॲम्प्लिफायर बॅटरीवर ऐकावा.

शॉर्टिंग प्लगने हमिंग जात असेल आणि स्रोत तीन पिनांच्या प्लगवर चालणारा संगणक असेल, तर ग्राउंड लूप मोडण्याची योग्य जागा कॅबिनेट आणि सर्किटचे ग्राउंड यांच्यामध्ये आहे. कॅबिनेट अर्थला थेट जोडलेले राहू द्यावे. सर्व जॅक कॅबिनेटपासून अलग करावेत. आणि सर्किटचे ग्राउंड कॅबिनेटला १० ओहमच्या रेझिस्टरमार्फत जोडावे, त्याला समांतर उलट-सुलट लावलेले दोन भक्कम डायोड आणि १०० नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर असावा. लूपमधील काही मिलिव्होल्टसाठी १० ओहम मोठा अडथळा ठरतो, तर बिघाडाच्या वेळी डायोड प्रवाह थेट अर्थकडे नेतात. डायोड छोटे सिग्नलचे घेऊ नयेत. फ्यूज उडेपर्यंत टिकेल असा जाड ब्रिज रेक्टिफायर या कामी वापरतात.

दोन पिनांच्या स्विचिंग ॲडॉप्टरला अर्थच नसतो, तरी त्याचा त्रास वेगळ्या वाटेने येतो. त्यातील प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यामध्ये वाय कॅपॅसिटर असतो. तो २.२ नॅनोफॅरडचा असेल तर २३० व्होल्ट ५० हर्ट्झला त्यातून जास्तीत जास्त ०.१६ मिलिअँपिअर गळतात, आणि स्रोत अर्थला जोडलेला असेल तर हा प्रवाह ऑडिओ केबलच्या शील्डमधून जातो. शील्डचा रोध ०.१ ओहम धरला तर तिथे १६ मायक्रोव्होल्ट पडतात. सीमॉयच्या मूळ ११ पट गेनने (सिग्नल वाढवण्याच्या पटीने), आवाज पूर्ण उघडल्यास, ते १७६ मायक्रोव्होल्ट होतात. १ व्होल्टला १२० डेसिबल देणाऱ्या इन-इअरमध्ये ते सुमारे ४५ डेसिबल भरतात. म्हणजे मूळ सूर श्रवणाच्या उंबरठ्यावर, आणि त्यावरची स्विचिंगची घरघर स्पष्ट. केबल आखूड व जाड घ्यावी, इन-इअर वापरणाऱ्यांनी गेन ११ वरून ३ च्या आसपास आणावा, आणि शक्य असेल तर जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मरचा ॲडॉप्टर घ्यावा.

हमिंगसारखे वाटणारे, पण हमिंग नसलेले

कॅबिनेटमध्ये गेल्यावर ऑप-ॲम्प ऑसिलेट होऊ (स्वतःच अतिउच्च वारंवारतेने कंप पावू) लागणे हे कधी कधी हमिंग म्हणून सांगितले जाते. आउटपुटची तार इनपुटला चिकटली, किंवा जॅकपर्यंत लांब शील्डेड वायर आउटपुटला लावली, की हे घडते. ऑसिलेशन स्वतः ऐकू येत नाही; आवाज खरबरीत होतो, चिप तापते आणि बॅटरी लवकर संपते. बॅटरीच्या मालिकेत मिलिअँपिअर मीटर लावावा. ओपीए २१३४ या ऑप-ॲम्पची सीमॉय, गाणे बंद असताना, सुमारे ९ मिलिअँपिअर अधिक एलईडीचा प्रवाह एवढेच घेते. २५-३० दिसले तर ऑसिलेशन धरून चालावे. चिपच्या सप्लायच्या पायांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर आणि आउटपुटला काही दहा ओहमचा रेझिस्टर यांनी ते बहुधा थांबते. आउटपुटला शील्डेड वायर लावू नये, पिळलेल्या साध्या तारा पुरतात.

ऑप-ॲम्प बदलून पाहणाऱ्यांसाठी एक सूचना: सीमॉयमध्ये ओपीए २१३४ काढून एनई ५५३२ घातला तर त्याचा २०० नॅनोअँपिअरचा बायस प्रवाह (चिपच्या इनपुटच्या पायातून वाहणारा प्रवाह) इनपुटच्या १०० किलोओहमच्या रेझिस्टरमधून जाऊन २० मिलिव्होल्ट निर्माण करतो आणि ११ पट होऊन हेडफोनवर २२० मिलिव्होल्ट डीसी पोहोचतो. हमिंगचा शोध घेताना असा नवा दोष मधेच घुसला तर मूळ कारण सापडणे कठीण होते.

टक-टक-टक-घर्रर्र असा तुटक आवाज अधूनमधून येत असेल तर तो २जी जाळ्यावरच्या मोबाइलचा आहे. त्याचे झटके सेकंदाला २१७ असतात. फोन एक-दोन फूट दूर सरकवून तो गेला की खात्री होते. इनपुट जॅकच्या अगदी लगत १०० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर ग्राउंडला आणि त्याच्या पुढे २२० ओहमचा रेझिस्टर मालिकेत लावावा. तेवढ्याने कमी न झाल्यास हेडफोनची केबलच अँटेना होत असते, तेव्हा आउटपुटच्या दोन्ही तारांवर जॅकजवळ फेराइटचा मणी चढवावा.